बिभीषणचा निरोप

जेवणं होईपर्यंत आज कोर्टाचा विषय काढायचा नाही, असं शोभाने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. ते कुणालाच जमणार नाही हेही तिला ठाऊक होतं. सुमंतरावांनी शुक्रवारी नगरच्या कोर्टात आपलं शेवटचं काम चालवलं, शनिवारी वकिलांच्या बार रूममध्ये शाल-श्रीफळ झालं, आणि आज रविवारी सावेडीतल्या घरी चौघांचंच जेवण होतं. चौघांचंच होतं म्हणून तर तिला धास्ती होती. बाबांची वकिली पुढे कुणाच्या नावाने चालणार यावरून गेल्या दिवाळीत जे भांडण झालं, त्यानंतर रुचा आणि अर्णव ही दोन्ही वकील भावंडं एका टेबलाला बसलेली नव्हती.

रुचा अकराच्या सुमारास पुण्याहून आली. चपला काढता काढताच तिने विचारलं, "अर्णव आहे?"

"आहे. आणि आज नीट बोल त्याच्याशी."

"मी नीटच बोलते गं आई. तोच ऐकत नाही."

पण जेवण मात्र बरं सुरू झालं. सुमंतरावांनी एका साक्षीदाराची गोष्ट काढली. उलटतपासणीत तो त्यांनाच उलटे प्रश्न विचारायला लागला होता म्हणे. अर्णव मोठ्याने हसला. रुचाही हसली आणि तिने त्याच्या ताटात न विचारता श्रीखंड वाढलं. शोभाला हायसं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

पोर्चमध्ये लंकाबाई उभी होती, सोबत विशीतली एक मुलगी. शोभा लंकाबाईला चांगली ओळखत होती. पाथर्डीच्या पुढच्या गावची ही बाई भावाविरुद्ध वाटपाचा दावा चालू असताना कितीदा तरी इथल्या बाकावर येऊन बसली होती. ऊसतोडीवरून विधवा होऊन माहेरी परतलेली, बोलायला मोकळी. आधी तिचं काम रुचाकडे होतं, तेव्हा ती आत येऊन चहा पिऊन जायची. मग रुचा लग्न होऊन पुण्याला गेली, फाईल अर्णवकडे आली, आणि अर्णव खिडकीतून हात हलवून आईला खूण करू लागला. 'साहेब घरी नाहीत' हे वाक्य शोभाने या बाईला इतक्या वेळा सांगितलं होतं की आत्ताही ते तिच्या ओठांवर आलं. पण आतून अर्णवचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. लंकाबाईने तिकडे पाहिलं, मग शोभाकडे पाहिलं, आणि शोभाच ओशाळली.

"वहिनी, केसचं काम न्हाई," लंकाबाई म्हणाली. "एक गोष्ट इचारायची हाय साहेबांना. इचारते आन् जाते."

"आत या. जेवायची वेळ आहे, दोन घास खा आधी."

"नगं. भाऊ गेला माझा. सुतक फिटलं, पन घास उतरत न्हाई."

शोभाने दार पूर्ण उघडलं.

*

सुमंतराव हात धुऊन समोरच्या ऑफिसच्या खोलीत आले, तेव्हा त्यांना यातलं काही कळलेलं नव्हतं.

"या लंकाबाई! काय निकाल लागला, आं? निम्मी जमीन! अर्णवने युक्तिवाद इतका सुंदर केला की—"

"अहो," शोभा दारातून म्हणाली, "त्यांचे भाऊ गेले."

सुमंतराव थांबले. मागून येणारा अर्णवही थांबला. लंकाबाईने पदर सावरला आणि मुलीला पुढे केलं.

"ही पंकजा. बिभीषनची थोरली."

समोरच्या पक्षकाराची मुलगी आपल्या ऑफिसात. सुमंतरावांच्या मनात सवयीनेच सावधपणा जागा झाला. त्यांनी खुर्ची दाखवली. मुलगी बसली नाही.

"निकाल लागला आन् महिन्याभरात तो गेला," लंकाबाई सांगू लागली. "किडनीचं दुखनं हुतं, एवढं वाढलंय हे मला कुनी कळवलंबी न्हाई. कळवनार कोन, दावा लावलेल्या बहिनीला? दहाव्याला गेले. तर छबूनं, माझ्या भावजयीनं, समद्या मान्सांत इचारलं. म्हनली, वन्सं, ह्यांनी आजारपनात हात जोडून निरोप धाडला, का विहिरीजवळचा तुकडा घ्या, घरातली एक खोली घ्या, पन दावा मिटवा आन् घरी या. तुमी न्हाई म्हनलात. आता मेल्यावर कशाला आलात?" ती थांबली. "साहेब, मला काय ठावंच न्हाई. म्या शपथ घेतली. कुनी मानलं न्हाई. दाराच्या आत घेतलं न्हाई मला."

"मग मी म्हणाले, वकिलांनाच विचारू," पंकजा म्हणाली. तिची भाषा कॉलेजात शिकलेल्या मुलीची होती, पण आवाज दबलेला होता. "आमचे ढाकणे वकील म्हणतात, त्यांनी अर्णव सरांना सांगितलं होतं. त्याच्या आधी आण्णा स्वतः पण सरांना कोर्टात भेटले होते. आणि सरांकडून उत्तर आलं, पक्षकार तयार नाही."

"एवढंच सांगा हिच्या म्होरं," लंकाबाई म्हणाली. "मला तो निरोप मिळाला हुता का न्हाई. दुसरं काय मागत न्हाई मी."

सुमंतरावांना ती संध्याकाळ आठवली. याच घरात, जेवताना, अर्णवने सहज सांगितलं होतं. ढाकणे तडजोडीचं म्हणतोय, विहिरीजवळचा थोडा भाग द्यायला तयार आहेत. आणि सुमंतरावांनीच म्हटलं होतं, 'कायद्याने निम्मी मिळतेय, तुकड्यावर कशाला मिटवायचं? बाई हळवी आहे, तिला सांगशील तर लगेच हो म्हणेल.' भाकरी मोडता मोडता बोललेलं ते वाक्य. नंतर त्यांनी तो विषय कधी विचारलाही नव्हता.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. अर्णव टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

"असं आहे लंकाबाई," सुमंतराव सावकाश म्हणाले, "तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी असते, गडबड असते. पक्षकाराशी दहा गोष्टी बोलल्या जातात. बोलण्याच्या ओघात अर्णवने कल्पना दिलीही असेल. तुमच्या ध्यानात राहिलं नसेल."

लंकाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, आता ही चिडेल, ओरडेल. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हंजे माझ्याच ध्यानातनं गेलं का काय?" ती पुटपुटली. पंकजाकडे वळून म्हणाली, "आसंल का गं तसं? तवा मला तापबी येत हुता... मोठे साहेब म्हनत्यात तर..."

मुलीने तिचा हात धरला होता, तो सोडला.

*

रुचा दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. तो सुटलेला हात तिने पाहिला.

हा दावा तिनेच दाखल केला होता. तेव्हा लंकाबाई घाबरलेली होती. सख्ख्या भावाला कोर्टात ओढायचं म्हणून रात्र रात्र झोपत नव्हती. रुचा तिला कोर्टासमोरच्या टपरीवर नेऊन समजवायची. काय दाखल केलंय, पुढच्या तारखेला काय होणार, उशीर का होतोय. 'आणि कधीही वाटलं की मिटवायचं, तर मला सांगा. तुमचा दावा आहे, तुम्ही ठरवायचं,' हेही तिने सांगितलं होतं. पुण्याला गेल्यावरसुद्धा लंकाबाईचे फोन तिलाच यायचे. शेवटचा फोन दिवाळीनंतरचा. 'ताई, अर्नवसाहेब फोन उचलत न्हाईत. बिभीषन आजारी हाय असं कानावर आलंय. त्याचा काय सांगावा हाय का, एवढं बघता का?'

रुचा तेव्हा अर्णववर इतकी चिडलेली होती की त्याला फोन करायचा म्हणजे हार मानणं वाटलं. 'मावशी, ती फाईल आता माझ्याकडे नाही,' ती म्हणाली होती. लंकाबाई 'बरं ताई' म्हणाली होती. पुन्हा तिचा फोन आला नाही.

"अर्णव, जरा बाहेर ये," रुचा म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दाराशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. शोभाही मागोमाग आली.

"सांगितलं होतंस त्यांना?"

"तू पुण्यात बसून आता मला विचारणार?"

"हो, बसले होते पुण्यात. त्यांनी मला फोन केला होता, भावाचा सांगावा आहे का बघा म्हणून. मी तुला एक फोन केला असता तर हे झालं नसतं. नाही केला. म्हणून विचारतेय. सांगितलं होतंस?"

अर्णवने एकदा ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

"ती ऑफर ऐकण्यासारखी नव्हती," तो म्हणाला. "तुकडाभर जमीन. मी तिला निम्मी मिळवून दिली. तिच्याच भल्यासाठी केलं ना?"

"ढाकण्यांना काय सांगितलंस? पक्षकार तयार नाही?"

"तसंच सांगतात."

"अर्णव, तू आत जाऊन काही कबूल करू नकोस," शोभा खालच्या आवाजात म्हणाली. "उद्या कुणी तक्रार केली तर वकिलीच्या सनदेवर येईल. रुचा, तू त्याला भरीला घालू नकोस. बाईचं वय झालंय. विसरल्या असतील म्हटलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

"आई, तू त्यांना किती वेळा दारातून परत पाठवलंस?"

शोभाचे डोळे भरून आले. "मला त्यानेच सांगितलं होतं."

सुमंतराव पॅसेजमध्ये आले होते. आजवर अशा वेळी ते कायम अर्णवच्या बाजूने उभे राहिलेले, हे तिघांनाही माहीत होतं.

"त्या विसरल्या असतील असं मी आत्ताच बोलून आलो," ते म्हणाले. "आणि शोभा, त्यांनी ते मानलं. मला खोटं पाडायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी स्वतःलाच खोटं पाडलं." ते भिंतीला टेकले. "इतकी वर्षं मी समजत होतो, माझ्यावर लोकांचा विश्वास आहे. त्याचं आज मी हे केलं."

"बाबा, तक्रार झाली तर?" अर्णवने विचारलं.

"होऊ दे. न सांगायचा सल्ला माझा होता, तेही मी सांगेन. पण आधी तू जा. निरोप तुझ्याकडे आला होता."

अर्णवने बहिणीकडे पाहिलं. ती आता चिडलेली दिसत नव्हती. ते त्याला जास्त अवघड गेलं.

*

ऑफिसमध्ये लंकाबाई अजून उभीच होती. अर्णव टेबलापलीकडे गेला नाही, तिच्यासमोर उभा राहिला.

"मावशी, तुम्ही काही विसरला नाहीत. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं." मग तो पंकजाकडे वळला. "तुझ्या आण्णांचा निरोप माझ्यापर्यंत आला होता. ढाकणे साहेबांना 'पक्षकार तयार नाही' असं मी माझ्या मनाने सांगितलं. तुझ्या आत्याला यातलं काही माहीत नव्हतं."

"आणि सांगू नको, असं मी म्हणालो होतो," सुमंतराव मागून म्हणाले. "मघाशी बोललो ते खोटं होतं, लंकाबाई."

पंकजा एकदम खुर्चीत बसली. "आण्णा शेवटपर्यंत विचारत होते," ती म्हणाली. "कोण आलं की विचारायचे, अक्का आली का. आई म्हणायची, नाही येणार ती, तिला जमीन पाहिजे." तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. लंकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतः मात्र रडली नाही.

"का न्हाई सांगितलंत, साहेब?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला वाटलं, तुम्ही लगेच हो म्हणाल."

"म्हनलेच असते की."

"आता एक करा," लंकाबाई म्हणाली. "जे हिला सांगितलं ते छबूला सांगा. माझ्या तोंडचं ती मानायची न्हाई. तुमी येता का गावाला?"

"आत्ता निघू," अर्णव म्हणाला.

शोभाने अडवलं नाही. ती आत गेली आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. गाडीत ठेवताना तिने लंकाबाईच्या हाताला हात लावला. काहीतरी बोलायचं होतं, पण गाडी सुरू झाली. रुचा फाटकाशी उभी राहिली. तीही निघत होती, पण लंकाबाईनेच नको म्हटलं. "ताई, तुमी ऱ्हावा. लई मानसं नगंत त्या घरी."

सुमंतराव पुढे बसले, दोघी मागे. भिंगार मागे पडलं. करंजीचा घाट लागला. अर्णवच्या मनात या दाव्याच्या तारखा फिरत होत्या. त्याने त्यासाठी वरच्या कोर्टांचे निकाल शोधले होते, आरशासमोर युक्तिवाद म्हणून पाहिला होता. निकालाच्या दिवशी त्याला बार रूममध्ये चहा पाजायला लोक पुढे आले होते. लंकाबाईला मात्र निकाल त्याच्या कारकुनाने फोनवर कळवला होता.

"साहेब," घाट उतरल्यावर ती मागून म्हणाली, "कोर्टात माझ्या बाजूनं लई चांगलं बोललात तुमी. म्या मागच्या बाकड्यावर बसून ऐकलं. समजलं न्हाई समदं, पन चांगलं वाटलं. माझ्याशीबी थोडं बोलायला पायजे हुतं."

"हो, मावशी."

"आता त्या निम्म्या जमिनीचं काय करू मी?"

अर्णवच्या तोंडात उत्तर तयार होतं. अपिलाची मुदत, मोजणी, तहसीलमधून ताबा. ते त्याने गिळलं. "तुम्हाला काय हवंय?" त्याने विचारलं. हा प्रश्न आपण तिला पहिल्यांदाच विचारतोय, हे त्याला विचारता विचारता कळलं.

"मला त्या घरात जायचंय," ती म्हणाली. "त्यो आसताना जायचं हुतं."

गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बिभीषणचं घर रस्त्यापासून आत होतं, पुढे मोठं अंगण आणि कडुनिंब. छबूबाई ओट्यावर बसलेली होती. गाडी पाहून उठली, लंकाबाईला उतरताना पाहून परत बसली.

"पंकजे, कुनाला घेऊन आलीस?"

"आई, हे आत्याचे वकील. ऐक ते काय म्हणतात."

अर्णव अंगणात उभा राहिला. कोर्टात कधी त्याचे शब्द अडखळले नव्हते. इथे त्याला पहिलं वाक्य जुळवायलाच वेळ लागला. त्याने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. लंकाबाईंना निरोप मिळाला नव्हता, नकार त्यांनी दिला नव्हता, तो माझा होता. सुमंतराव बाजूला हात जोडून उभे होते.

छबूबाईने ऐकून घेतलं. मग लंकाबाईला म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावंच नव्हतं?"

"न्हाई गं. ठावं असतं तर धावत आले असते."

"आन् म्या दहा मान्सांत तुमाला..." छबूबाईला पुढे बोलता येईना. ती उठली, ओट्याच्या पायऱ्या उतरली. "वन्सं, आत चला. भायेर नगा उभ्या ऱ्हाऊ."

दोघी आत गेल्या. पंकजाही गेली. थोड्या वेळाने आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून शेजारच्या घरातली एक बाई बाहेर आली, अंगणातल्या दोन अनोळखी माणसांकडे बघून परत गेली.

"चल," सुमंतराव हळूच म्हणाले. "आता आपलं इथे काय आहे?"

"थांबू या थोडं, बाबा. त्यांना काही विचारायचं असेल."

ते कडुनिंबाखाली थांबले. कुणी बसायला सांगितलं नाही. आतला आवाज हळूहळू ओसरला. मग पंकजा दाराशी आली.

"सर, आत्या विचारते, आण्णा तुम्हाला कोर्टात भेटले तेव्हा काय म्हणाले होते? नेमकं काय म्हणाले, तेच शब्द सांगा म्हणते."

अर्णवने आठवायचा प्रयत्न केला. कोर्टाचा व्हरांडा, दुपारची वेळ. पांढरी टोपी घातलेला, अंग सुजलेला माणूस समोर आला होता, हात जोडलेले होते. तो बोलत होता, बराच वेळ बोलत होता. अर्णव तेव्हा फोनवर दुसऱ्या कामाची तारीख बघत होता. 'तुमच्या वकिलांमार्फत बोला,' असं म्हणून तो पुढे निघून गेला होता. त्याआधी त्या माणसाचे शब्द काय होते? अक्का म्हणाला होता का? घरी या म्हणाला होता का? माफ कर म्हणाला होता का?

काहीतरी सांगता आलं असतं. कुठलंही एक चांगलं वाक्य सांगितलं असतं, तर आतल्या बाईला ते जन्मभर पुरलं असतं, आणि ते खोटं आहे असं कुणीच म्हणू शकलं नसतं. सुमंतराव त्याच्याकडे बघत होते.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी ऐकत नव्हतो."

पंकजा मान हलवून आत गेली.

"त्यांना आठवत न्हाई, आत्या," असं ती आत सांगत असलेलं त्याला ऐकू आलं. त्यावर लंकाबाई काय म्हणते ते ऐकायला तो दाराकडे कान देऊन उभा राहिला.